हितेंद्रभाऊंच्या खिशातला टेस्टर

मित्रांनो, मी एक जुना टेस्टर आहे. दिसायला साधा स्क्रूड्रायव्हर, पण माझ्या मुठीत एक इवलासा दिवा आहे. माझे टोक विजेच्या तारेला लावून डोक्यावर बोट ठेवले की तो लागतो. माझी कहाणी सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करतो. मी मनाचा मोठा नाही. एका पिवळ्या मीटरवर माझा फार राग आहे आणि तो या कहाणीत जागोजागी डोकावेल. तेवढे चालवून घ्या.

माझा जन्म वसईच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथून मी लोहार चाळ नावाच्या विजेच्या सामानाच्या बाजारातल्या एका दुकानात आलो आणि इतर टेस्टरांबरोबर दोरीला लटकत राहिलो. एके दिवशी लालबागच्या चाळीत राहणारा, लोअर परळच्या एका ऑफिसात डिस्पॅचचे काम करणारा तरुण आला. त्याने दुकानातल्या बोर्डात माझे टोक घातले. मी पेटलो, तो हसला. तेच माझे मालक, हितेंद्रभाऊ. त्यांनी मला शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खोचले. पुढे पेने किती आली आणि गेली, मी मात्र तिथेच राहिलो.

काय दिवस होते ते! रविवारी जेवण करून भाऊ जरा लवंडले की दारात हाक यायचीच. कोणाची ट्यूब लुकलुकायची, कोणाचा पंखा गुरगुरायचा. भाऊंनी हे काम कुठे शिकलेले नव्हते. बघून बघून, चुकत माकत हात बसला होता. त्यांची एक रीत होती. काम करताना ते त्या घरातला बसायचा पाट मागून घेत आणि त्यावर उभे राहत. लाकडावर उभे राहिले की शॉक बसत नाही, असे त्यांच्या गिरणीतल्या वडिलांनी सांगितले होते. आम्ही दारात दिसलो की बायका न सांगता पाट पुढे करत आणि चहाचे आधण ठेवत. मी पेटलो की सगळे म्हणत, "भाऊंचा हात म्हणजे हात." मी मनात म्हणे, हात त्यांचा, पण दिवा कोणाचा?

मग भाऊंची मुलगी मेघना मोठी झाली. तिने आयटीआय केले, परीक्षा दिली, वायरमनचा परवाना मिळवला आणि शीवच्या एका ठेकेदाराकडे कामाला लागली. भाऊंनी सगळ्या चाळीत पेढे वाटले. मीही खूश होतो. घरात आणखी एक खिसा मिळेल, असे मला वाटले होते.

पण तिने आणला तो मीटर! पिवळा धमक, पोटावर आकडे, दोन बाजूंना लाल आणि काळी अशा दोन वायरी. त्याला झोपायला मऊ पिशवी. मी आयुष्यभर घामाच्या खिशात राहिलो आणि या कालच्या पोराला गादी! मी फक्त वीज आहे एवढेच सांगतो, तर हा शहाणा किती आहे तेही सांगतो. कोणी त्याचे कौतुक केले की माझ्या अंगाचा तिळपापड होई.

त्यात मेघनाने घरात नियम सांगायला सुरुवात केली.

"पप्पा, बल्ब बदला, फ्यूज बदला, कोणी नाही म्हणत नाही. पण नवी वायर, नवा पॉइंट हे परवानावाल्याचंच काम. नियम आहे तो."

"तू रांगत होतीस तेव्हापासून वायरी ओढतोय मी," भाऊ म्हणाले. "मला कोणी विचारला परवाना?"

"तेच ना. कोणी विचारलाच नाही."

एका संध्याकाळी शेजारचे रघुवीर दारात आले. भाऊ लगेच उठले, मला चाचपले आणि चपला शोधू लागले. रघुवीर म्हणाले, "तुम्ही बसा हो. मेघना आहे का?" भाऊ पुन्हा खुर्चीत बसले. त्यांचा हात बराच वेळ माझ्यावरच होता. बापाने लेकीवर जळू नये म्हणतात. पण मी त्यांच्या छातीशी राहतो, मला सगळे कळते. आम्ही दोघे एकाच दुखण्याचे रोगी होतो.

त्याच सुमाराला समोरच्या मायावहिनींनी घराची वायरिंग नवी करून घेतली. मेघना आणि तिच्या ठेकेदारानेच ती केली. बोर्डात त्यांनी एक जास्तीचा स्विच बसवला. वीज भलतीकडे, म्हणजे माणसाच्या अंगातून जायला लागली की तो आपोआप पडतो आणि वीज तोडतो. "नसते नखरे," भाऊ पुटपुटले. पुढे वहिनींनी वॉशिंग मशीन घेतले आणि मोरीच्या कडेला ठेवले. पॉइंट लांब पडला. मेघना कामावर होती, म्हणून भाऊंनीच वायर ओढून दिली. तीही दोन तारांची. पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी तिसरी तार, जिला अर्थिंग म्हणतात, ती त्यांनी घेतलीच नाही. "मशीन दोन तारांवर फिरतं, वहिनी. तिसरी शोभेला," असे ते म्हणाले होते. सगळे स्क्रू मीच पिळले.

एका रविवारी दुपारी वहिनी दारात आल्या. "भाऊ, मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात हो. चपला घालून त्यातले कपडे बाहेर काढतेय मी."

भाऊंनी शीवला कामावर असलेल्या मेघनाला फोन केला. ती म्हणाली, "तासाभरात येते, पप्पा. मशीन बंद करा आणि मी येईपर्यंत कोणी हात लावू नका."

भाऊंनी फोन खिशात टाकला आणि मला बाहेर काढले. खरे सांगतो मित्रांनो, मला मनातून गुदगुल्या झाल्या. मीटर तिकडे शीवला आणि मान माझा!

वहिनींनी रीतीप्रमाणे पाट ठेवला. भाऊ त्यावर चढले आणि माझे टोक चालू मशीनच्या पत्र्याला लावले. वीज माझ्यात आली. पण मित्रांनो, मला पेटायला धरणाऱ्याच्या अंगातून जमिनीची साथ लागते, आणि मध्ये होता तो पाट. मी मिणमिणलो फक्त. चाळीतल्या अंधाऱ्या खोल्यांत माझे मिणमिणणेही दिसे, पण इथे गॅलरीतून लख्ख ऊन येत होते. भाऊंना काहीच दिसले नाही.

"दिवा नाही. म्हणजे करंट नाही," ते म्हणाले.

"मग मी हात लावू?" वहिनींनी चपला काढल्या.

"थांबा. आधी मी लावून दाखवतो."

माणूस भला. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भाऊंनी मला खिशात ठेवले, पाटावरून ओल्या मोरीत उतरले आणि मशीनवर हात ठेवला. त्यांच्या छातीत उसळलेला हिसका मला खिशात जाणवला. मला ओरडता आले नाही. इतक्यात बोर्डातला तो नखरेबाज स्विच खटकन पडला. भाऊ भिंतीवर आदळून खाली बसले. मी त्यांच्या काळजाचे ठोके ऐकत होतो. ते चालू होते.

मेघना आली तेव्हा भाऊ पाणी पीत होते. तिने बापाला डॉक्टरकडे नेऊन आणले, मग मशीन उघडले. आतली वायर उंदराने कुरतडून पत्र्याला टेकली होती.

भाऊंनी मला जमिनीवर टाकले. "याने दगा दिला. फेकून दे."

मेघनाने मला उचलले. सगळ्यांना लांब उभे केले, पाट बाजूला सारला, वीज चालू करून माझे टोक पत्र्याला लावले आणि दुसरा हात भिंतीला टेकवला. मी उजेडातही लखलखलो.

"दगा नाही दिला, पप्पा. तो पेटला होता. तुम्ही पाटावर होता, म्हणून दिसलं नाही. त्याच्यावर एवढा भरवसा ठेवायचा नसतो, इतकंच."

इतक्या वर्षांत मी कसा पेटतो, हे मालकांनी कधी विचारले नव्हते. ते मीटरवालीला ठाऊक होते.

भाऊंनी पाट उचलून कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाले, "तिसरी तार तू टाक. मी बॅटरी धरतो."

आता हाक आली की भाऊ म्हणतात, "मेघनाला विचारा." मी तिच्या बॅगेत असतो, स्क्रू पिळायला. मीटर शेजारीच असतो. आम्ही बोलत नाही. तो मला अजून आवडत नाही आणि तुम्ही मला समजावू नका.

पण मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्या वतीने, पोटात दुखत असूनही, मीच सांगतो. मी पेटलो तर मागे सरा. मी पेटलो नाही, तरीही मागेच सरा, आणि तुमच्या इथल्या एखाद्या मेघनाला हाक मारा. हितेंद्रभाऊंची छाती मी आतून ऐकली आहे.