‘मेल्या’पुढची खूण

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. फोनवर लुडो खेळणारे लोक सोंगटी मेली की एकमेकांची आईबहीण काढायचे, मधूनच कुणीतरी फुकट नाण्यांची खोटी जाहिरात शंभरदा चिकटवायचं. तो सगळा केर दिवसभर उपसायचा, हे तिचं काम. ‘चाळणीतून खडा सुटत नाही हो,’ असं मोठ्या बाई चारचौघांत म्हणाल्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे तिच्या वरिष्ठ. महिनाअखेरीस कुणाला कायम करायचं ते त्याच ठरवणार होत्या.

एका सकाळी बाईंनी मरणाच्या धमक्यांच्या शब्दांची यादी पाठवली. कुठल्याशा परक्या भाषेतून ओढूनताणून आणलेली. “मराठी तुझ्याकडे. बारापर्यंत बघून दे.”

यादीत ‘मेल्या’ होता. तिला हसू फुटलं. अहो, तिची आई तिला दिवसातून दहा वेळा ‘मेले’ म्हणायची, आणि ज्या दिवशी म्हणायची नाही त्या दिवशी घरात काहीतरी बिनसलेलं असायचं! पण शब्द काढायचा तर कारणांचा दोन पानी फॉर्म भरायचा, आणि बाराला दहा मिनिटं कमी होती. कोण डोकेफोड करणार? तिने ‘मेल्या’पुढे बरोबरची खूण केली आणि डबा उघडला.

त्याच आठवड्यात, यादीतले शब्द हुडकणाऱ्या यंत्राने एका खेळाडूचं बोलणं तिच्यापुढे आणून टाकलं. ‘मेल्या, जेवलास का?’ ‘मेल्या, माझीच सोंगटी दिसली का रे तुला?’ ‘थांब मेल्या, चष्मा पुसते.’ तीन धमक्या, एकाच माणसाला. नियमाप्रमाणे खातं कायमचं बंद. चाळणीला कळलं नसेल होय? सगळं कळलं होतं. पण खूण तिचीच होती. आता नाही म्हणायचं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा. तिने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी खातं परत सुरू करा म्हणून त्या खेळाडूचा अर्ज आला, खाली फोन नंबरसकट.

‘तो माझा पाठचा भाऊ आहे. आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून आमचं फाटलं. नऊ वर्षं बोलणं नाही, त्याचा पत्ता नाही, नंबर नाही. इथे बोकोबा नावाचा खेळाडू दिसला. लहानपणी मीच त्याला बोकोबा म्हणायचे. विचारलं, मेल्या, तू? म्हणाला, हो ताई. तेव्हापासून रोज चारला खेळतो. जुनं काही दोघंही उकरत नाही, नंबरसुद्धा अजून मागितला नाही. बाळा, तू जे कोणी असशील, मी धमकी दिली नाही रे. एवढं माझं काम कर.’

चाळणीचे डोळे भरून आले. आणि तिने तो अर्ज खाली सरकवला. निकाल फिरवला की चूक तिच्या नावावर पडणार, आणि महिना संपायला पाच दिवस होते. अर्जाचा निकाल द्यायला सात दिवसांची मुदत आहे की! नऊ वर्षं थांबल्या, पाच दिवसांत काय आभाळ कोसळतंय, असं तिने स्वतःला समजावलं.

सहाव्या दिवशी, कायम झाल्याचं पत्र पर्समध्ये घालून, तिने अर्ज उघडला आणि ताईंचं खातं सुरू केलं. मग भावाची बाजू पाहिली.

‘ताई, चार वाजले.’

‘ताई, रुसलीस का?’

‘माझं काही चुकलं का गं?’

‘एक शिवी तरी घाल.’

पाचव्या दिवशी नुसतं, ‘बरं. कळलं.’ त्याखाली त्याने स्वतःच खातं मिटवल्याची नोंद होती. यंत्राने त्याला एवढंच दाखवलं होतं, की समोरची खेळाडू निघून गेली.

ती धावत बाईंकडे गेली. “याला कळवता येईल?”

“मिटवलेल्या खात्याचा माग राहत नाही. आणि त्याचे निरोप कुणाला सांगायचे नाहीत, माहीत आहे ना? झालं गेलं गंगेला मिळालं. पेढे कधी देतेस?”

चाळणी जिन्यात गेली आणि अर्जावरचा नंबर लावला. लुडोच्या ऑफिसातून बोलतेय म्हणाली, तर पलीकडून आनंदच सांडला.

“अगं, तूच का ती? सुरू झालं बघ माझं! जीव भांड्यात पडला गं बाई. तो मेला अजून दिसत नाही, पण चारला येईल.”

तिने सगळं सांगितलं. यादी, खूण, खाली सरकवलेला अर्ज, पाच दिवस. भावाचे पाचही निरोप वाचून दाखवले. “माझं चुकलं हो. मला तेव्हाही कळत होतं,” म्हणाली. आता ताई तोंडाचा पट्टा सोडतील, सात पिढ्या उद्धरतील, हे तिने धरूनच ठेवलं होतं. खरं तर तिला ते हवंच होतं.

पलीकडून आवाज आला, बँकेतल्या माणसाशी बोलावं तसा.

“तुम्ही कळवलंत, आभारी आहे. ठेवते मी.”