बॉनेटखालचा निळा उजेड

"मागे सरका! आत्मा जागा होतोय!" महाराज ओरडले आणि आमच्या गॅरेजसमोर जमलेली अख्खी गल्ली दोन पावलं मागे गेली. मीही गेले. खोटं कशाला बोलू?

गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं, आतला दिवा बंद. दादाने सेल्फ मारला. अण्णांची जुनी गाडी खोकत खोकत चालू झाली आणि उघड्या बॉनेटखाली इंजिनावरून निळा उजेड सरपटायला लागला. चट् चट् आवाज करत बारीक ठिणग्या इकडून तिकडे उड्या मारत होत्या. मग गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. गर्दीत कोणीतरी रडायला लागलं. ती माझी आई होती.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, याच गाडीत पुढच्या सीटवर बसल्या बसल्या गेले होते. तेव्हापासून गाडी तशीच उभी होती. महाराज सांत्वनाला म्हणून आले, त्यांनी इंजिनावर तीर्थ शिंपडून गाडी चालू करून बघायला लावली, तो उजेड दाखवला, आणि त्या दिवसापासून आई त्यांना विचारल्याशिवाय पाणीही पीत नव्हती.

"तुमचे यजमान अडकलेत, माई," महाराज आवाज खर्जात नेऊन म्हणाले. "त्यांना सोबतीला घरातला नवा जीव हवाय. रोज तिन्हीसांजेला हे भारलेलं पाणी इंजिनावर शिंपडा आणि एकदा गाडी चालू करून उजेड बघा. एरवी गाडीत कोणी बसायचं नाही, इंजिनाला हात लावायचा नाही. शुक्रवारी गाडी माझ्या स्वाधीन करा. मी मुक्ती देईन."

मुक्ती आत्म्याला आणि मोटार महाराजांना, असा तो सौदा होता.

नवा जीव माझ्या वहिनीच्या पोटात होता. बाळ आडवं होतं. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, कळ आली की तडक निघा, ऑपरेशन करावं लागेल, उशीर झाला तर दोघांच्याही जिवावर बेतेल. इस्पितळ डोंगरापलीकडे. रुग्णवाहिका तिकडूनच यायची, म्हणजे वेळ दुप्पट. आणि दारातली गाडी आईने महाराजांच्या शब्दाखातर बंद करून ठेवली होती.

"वहिनी, तुला भीती नाही वाटत?" मी स्वयंपाकघरात विचारलं.

"वाटते ना. झोपच लागत नाही." वहिनी शाळेत विज्ञान शिकवते. तिने आईच्या बाटलीतलं थोडं पाणी पळीत घेतलं आणि पळी गॅसवर धरली. "पण मला एक सांग, पाणी शिंपडल्यावर उजेड कमी व्हायला हवा की नको? तो रोज वाढतोय."

पाणी आटलं. पळीच्या तळाशी पांढरा थर राहिला. तिने तो बोटाने जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ! मूठभर तरी टाकलंय मेल्याने."

शुक्रवारी पुन्हा गर्दी जमली. महाराज गाडी न्यायला आले, तर वहिनी बॉनेटपाशी उभी.

"हात लावलास तर तुझं बाळ जग बघणार नाही!" महाराज कडाडले.

वहिनी जागची हलली नाही. गाडी बंदच होती. तिने कोरड्या फडक्याने एकेक वायर पुसली आणि दादाला गाडी चालू करायला सांगितलं. इंजिन चाललं. उजेड नाही. मग तिने लांबून महाराजांचंच पाणी शिंपडलं. चट् चट्! निळा उजेड आला आणि गाडी बंद पडली.

"या वायरींतून हजारो व्होल्टच्या दाबाने करंट पेट्रोल पेटवणाऱ्या प्लगपर्यंत जातो," वहिनी वर्गात बोलल्यासारखी बोलायला लागली. "त्यांच्यावरचं जुनं रबर तडकलंय. अण्णा वेळच्या वेळी वायरी बदलायचे. ते गेल्यावर आपण घाबरून वायरींना हातही लावला नाही. खारं पाणी तड्यांत शिरतं आणि करंट वाटेतच बाहेर गळतो. गळताना दिसतो तो हा उजेड. प्लगला ठिणगी मिळत नाही, म्हणून गाडी मरते."

दादाने दुकानातून आणलेल्या नव्या वायरी बसवल्या, वायरी जिथून निघतात त्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण आतून-बाहेरून पुसलं आणि गाडी चालू केली. वहिनीने पुन्हा पाणी शिंपडलं. काही नाही. इंजिन शांत घुमत राहिलं.

आणि वहिनी पोट धरून खाली वाकली.

"कोप झाला!" महाराज गाडीपुढे हात पसरून उभे राहिले. "आता ही गाडी हलली तर दोघंही जातील!"

गर्दी मागे सरकली. मीही सरकले. सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, समजलंही होतं, तरी मनात आलंच, हा खरं बोलत असला तर? दादाही स्टीअरिंग धरून नुसता आईकडे बघत बसला.

आई पुढे आली.

"बाजूला व्हा," ती महाराजांना म्हणाली. "माझा नवरा नातवंडाचं वाईट चिंतणारा माणूस नव्हता."

ती दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी वहिनीला मागे घेतलं. महाराजांना शेजाऱ्यांनीच हाताला धरून वाटेतून ओढलं.

चढावर माझा सगळा जीव कानांत होता. वहिनी माझं मनगट आवळून विव्हळत होती आणि इंजिनाने आता आचका दिला तर काय, एवढंच मला सुचत होतं. त्याने आचका दिला नाही. मुलगी झाली. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाल्या, "आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघीही हाताला लागल्या नसत्या."

आई अजून नातीला मांडीवर घेऊन मध्येच म्हणते, "ते पाणी मी माझ्या हाताने शिंपडत होते गं." घाबरलो आम्ही सगळेच होतो, वहिनीसुद्धा. घाबरण्यात लाज कसली? पण जो माणूस तुम्हाला सांगतो की बघू नका, हात लावू नका, विचारू नका, त्याला आधी विचारा, का नको? आणि तो उत्तर देईपर्यंत थांबू नका, स्वतः उघडून बघा. आम्ही ते अगदी शेवटच्या घटकेला केलं, आणि तेवढ्या उशिरामुळे आमची पोर आमच्या हातून जाता जाता वाचली.