वयाची अट

ऋतुराजने बापाला थाप मारली ती अगदी सहज, चहात बिस्किट बुडवता बुडवता. "बाबा, त्या टूरला साठीची अट आहे हो. पुढच्यांना घेतच नाहीत."

अटबिट काही नव्हती. स्लोव्हेनियाच्या डोंगरांतून, खेड्यांतून आपलं आपण सायकल चालवत जायचं. तिथली कंपनी फक्त सायकली, नकाशे आणि मुक्कामाची हॉटेलं ठरवून देणार. पण ऋतुराज आणि संचिताला दोघांनाच जायचं होतं. नवरा-बायकोला वाटूच शकतं तसं, त्यात गैर काय? पण तोंडावर सांगायला हिंमत लागते, आणि ती चिरंजीवांकडे नव्हती.

विश्रामरावांनी थाप ब्रह्मवाक्य मानली. बिचारे किती दिवस पहाटे ठाकुर्लीहून सायकल काढून मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येत होते. पासपोर्टही नवा करून घेतला होता. आता सोसायटीत ज्याला त्याला सांगू लागले, "नियम म्हणजे नियम. तिकडे शिस्त असते!" वर संध्याकाळी नकाशा पसरून मुलालाच कुठे चढ आहे, कुठे उतार, ते समजावून सांगत. ऋतुराजला ऐकवत नसे. पण थाप मागे घेणं त्याहून जड वाटे.

रविवारी कंपनीच्या बाईंशी व्हिडिओ कॉल होता. विश्रामराव चहा घेऊन खोलीत आले. पडद्यावरच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी हसून इंग्रजीत विचारलं, "हे तुमचे वडील? तेही येताहेत ना? मी सत्तरीची आहे, गेल्याच आठवड्यात तुमच्या वाटेवरचा घाट चढून आले."

संचिताने मान खाली घातली. धरणीने पोटात घ्यावं, असं ऋतुराजला झालं.

विश्रामरावांनी एकदा मुलाकडे पाहिलं. मग ट्रे टेबलावर ठेवून ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "नाही हो. ही दोघं केव्हाची मागे लागली आहेत. पण माझे गुडघे साथ देत नाहीत."

कॉल संपताच ऋतुराज त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेला. "बाबा, चुकलं माझं. मी आत्ता मेल करतो, तुमचं पण बुकिंग..."

"नको रे." ते कप विसळत होते. "त्या बाईंना गुडघ्यांचं सांगून बसलोय ना मी. आता तिथे चढ चढताना दिसलो, तर माझ्या मुलालाच मी नको होतो, हे कळेल त्यांना."