राजवर्धनची बाटली

धम्मपालला घाणीचा भारी तिटकारा. लहानपणी शेजारच्या पोराचं नाक वाहताना दिसलं तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. असा माणूस आरोग्यसेवक झाला, आणि अठ्ठ्याण्णव साली सरकारनं त्याच्या हाती प्लास्टिकची बाटली नि चमचा देऊन सांगितलं, ज्या पोराचा हातपाय अचानक लुळा पडेल त्याची विष्ठा गोळा करून आणायची. एकदा नव्हे, एक दिवस मध्ये ठेवून दोनदा. बर्फाच्या डब्यातून ती मुंबईला जाणार आणि तिथं पोलिओचा विषाणू आहे का ते बघणार. दोन्ही बाटल्या पाय लुळा पडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत भरायच्या, पुढं विषाणू सापडेलच असं नाही.

हे ऐकून त्याचे वडील हिंदुराव त्याच्याशी बोलेनासे झाले. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं, त्यापायी मारही खाल्ला होता. पोराला शिकवलं ते गावाची घाण उचलायला नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ही घाण नाही, तपासणी आहे, डॉक्टरसुद्धा करतात, असं धम्मपालनं समजावलं. आपल्या दवाखान्यातला डॉक्टर बाटली लांबूनच बघतो, एवढं मात्र सांगायचं टाळलं.

पहिलीच केस निघाली कुंडलच्या पलीकडं, लालासाहेबांच्या मळ्यात. त्यांचा चार वर्षांचा नातू राजवर्धन तापानं फणफणला होता. ताप गेला तो डाव्या पायातलं बळ घेऊन. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले, पण घरात शब्द चालायचा तो त्यांच्या बायकोचा, साळूबाईचा. तिनं धम्मपालला पायरीवरच उभं केलं. त्याची त्याला सवय होती. परवा तिनं गुंडा नावाच्या गड्याकरवी भरलेली बाटली बाहेर पाठवली, तेव्हा स्वतःला चमचा धरावा लागला नाही म्हणून धम्मपालला बरंच वाटलं. श्वास रोखून त्यानं ती डब्यात ठेवली होती.

आज गुंडानं दुसरी आणून दिली. पुरेसं भरलंय का ते बघायला धम्मपालनं बाटली उजेडात धरली आणि त्याला मक्याचे अख्खे दाणे दिसले. हात लांब करून त्यानं पुन्हा बघितलं, तर दाणेच. दारात राजवर्धनची आई संयोगिता उभी होती. पोरगं आजारी पडल्यापासून पेजेशिवाय काही खात नाही, असं परवा तिनंच सांगितलं होतं. मग हे काय, असं त्यानं विचारलं. तिनं सासूकडं बघितलं, खाली बघितलं आणि सांगून टाकलं, "ते गुंडाच्या पोराचं हाय. परवाचं बी."

साळूबाईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. नातवाच्या अंगातली वस्तू कुणाच्या हाती पडेल, कोण करणी करील, म्हणून त्याची घाण तिनं परड्यात पुरायला लावली होती. सरकारला बाटली भरून हवी होती, ती मिळाली. मग करणी गुंडाच्या पोरावर झाली तर चालेल? एवढा विचार तिनं केला नव्हता, किंवा नीट केला होता. गुंडा मान खाली घालून उभा होता. बाटलीची आली नव्हती एवढी किळस धम्मपालला त्या बाईची आली.

"आवं काकी," तो म्हणाला, "दुसऱ्याचं पोर तपासून मुंबईवालं म्हननार, पोलिओ न्हाई. मग हितल्या पोरांना डोस द्यायला कोन येनार? तुमच्या घरात धाकटी नात हाय. आज तिचं पाय चालत्यात."

मुदत संपायला तीनच दिवस उरले होते. संयोगिता आत गेली आणि राजवर्धनला उचलून परड्यात घेऊन बसली. सुनेपुढं साळूबाईचं पहिल्यांदाच काही चालेना. तासाभरानं पोराला झालं. तेव्हा साळूबाईनं धम्मपालला मागच्या वाटेनं यायला सांगितलं.

"तूच काढ की," ती म्हणाली. "तुमच्यात सवय असती."

धम्मपालची कानशिलं तापली.

"आमी ते काम सोडून लय वर्सं झाली. करनीचं भ्या तुमाला हाय न्हवं? मग तुमीच भरा, तुमीच झाकन लावा. मी उघडनार न्हाई. न्हाईतर असाच जातो."

तो जाऊ शकत नव्हता. बाटली न घेता गेला असता तर त्याला झोप लागली नसती. पण ते त्यानं तोंडावर दिसू दिलं नाही.

शेवटी साळूबाई पदर नाकाला लावून परड्यात बसली. दोनदा उमासे आले, तिसऱ्यांदा ओकली. पदर सुटला, चमचा घसरला, बोटं भरली. धम्मपाल लांबून बघत होता आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं.

झाकण लावून ती पुढच्या दारी आली. बाटली बाहेरूनही बरबटलेली. पायरीवर येऊन थांबलेल्या धम्मपालनं दोन्ही हात पुढं केले. ती थबकली. त्याच्या हाताला आपली बोटं लागू नयेत म्हणून तिनं हात वर उचलला आणि बाटली वरून सोडली.

त्यानं ती छातीशी झेलली. शर्टाला लागलं. बाटली डब्यात ठेवून, दुसरीसाठी परवा येतो, असं त्यानं सांगितलं. साळूबाईनं सुनेकडून तांब्याभर पाणी मागवलं आणि भरल्या बोटांनीच तांब्या धरून ते तो उभा होता त्या पायरीवर ओतलं.