कुलूपबंद सभा

विद्यापीठांमधल्या रेक्टरांचा आणि विद्यार्थी कल्याण अधिकाऱ्यांचा एक संघ आहे, हे त्या अधिकाऱ्यांच्या घरच्यांनाही धड माहीत नसतं. पण त्या संघाची एक रीत मात्र जगावेगळी. वार्षिक सभा भरली की सभागृहाला बाहेरून कुलूप घालायचं, तेही एखाद्या विद्यार्थिनीच्या हातून. सभा आटोपली की तिनेच येऊन उघडायचं. तोवर कुणाला खोकल्याची उबळ येवो की घरून बोलावणं, आत म्हणजे आत.

असं का, विचारलं की जितकी तोंडं तितकी उत्तरं. अध्यक्ष म्हणत, "विद्यार्थी हाच आपला पहारेकरी, त्याचं हे प्रतीक." खजिनदार म्हणत, "प्रतीक कसलं! जेवण झालं की लोक पळतात म्हणून."

संघाला पन्नास वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचं लोढणं शंकासुराच्या गळ्यात पडलं. हा एका वसतिगृहाचा रेक्टर. नाव सहकाऱ्यांनी ठेवलेलं आणि अगदी योग्य ठेवलेलं. बायको म्हणायची, "लग्नाला हो म्हणायच्या आधी तुम्ही मला इतके प्रश्न विचारलेत, मला वाटलं नोकरीच लागतेय." असा माणूस 'प्रतीक' या उत्तरावर थोडाच गप्प बसणार? त्याने थोरल्या बाईंचं घर गाठलं.

थोरल्या बाई म्हणजे संघाच्या पहिल्या सचिव. सात संस्थापकांपैकी त्या एकट्याच उरल्या होत्या. गुडघे गेलेले, कान शाबूत, जीभ तर फारच शाबूत.

"प्रतीक?" त्या हसून हसून खोकायला लागल्या. "अरे, आम्हाला खरोखरच कोंडलं होतं!"

झालं होतं असं. सात कॉलेजांच्या सात रेक्टरांना विद्यापीठाने मुलांना शिस्त लावायचे नियम करायला बोलावलं होतं. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. बसतात न बसतात तोच बाहेर खट्‌ झालं. हाका मारल्या, दार बडवलं, पण काही उपयोग नाही. मग करणार काय, बोलत बसले. बोलता बोलता कळलं की प्रत्येकाला वाटत होतं, जगातली सगळी वांड पोरं आपल्याच वसतिगृहात भरती झालीत. घरोघरी मातीच्याच चुली! दुपार कलेपर्यंत संघ स्थापन झालासुद्धा.

"आणि मग दार उघडलं," बाई म्हणाल्या. "दारात एक किडकिडीत मुलगी. हातात कुलूप. तेवढ्यात कुलसचिव ओरडत आले, कुणी केलं हे, नाव सांगा, काढूनच टाकतो! मी पोरीच्या कानात म्हटलं, 'एक शब्द बोलू नकोस. नावसुद्धा सांगू नकोस. जा.' आणि कुलसचिवांना आम्ही साती जणांनी एका सुरात सांगितलं, की कुलूप गंजलंय, अडकलं होतं. ही थाप म्हणजे आमच्या संघाचा पहिला ठराव."

शंकासुराला हा इतिहास फारच आवडला.

"छाप खुशाल," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "पण एक काम कर. ती पोर शोध. आयुष्यात मी खूप नियम केले, खूप मोडले. पण एक पोर वाचवली, हे मनाशी धरून बसलेय. तिचं पुढे काय झालं, तेवढं कळलं की मी मोकळी."

स्मरणिका निघाली. एका वर्तमानपत्राने त्यातली ही गोष्ट उचलली. आठवड्याभरात शंकासुराला फोन आला. बोलणारी बाई सत्तरीची, शिवणाचे वर्ग चालवणारी. मागे मशीनची घरघर ऐकू येत होती.

"ती मुलगी मी," ती म्हणाली. "पण तुम्ही उलटंच छापलंत हो."

"उलटं म्हणजे?"

"कुलूप मी लावलंच नाही. कुणी लावलं देव जाणे. मी आले तर किल्ली कुलपालाच लटकत होती आणि आतून हसण्याचे आवाज येत होते. मी उघडलं."

दारात दिसला तो चोर! शंकासुराच्या धंद्यातली ही चूक त्याने स्वतः किती वेळा केली असेल, मोजायची सोय नव्हती. "मग तुम्ही तसं बोलला का नाहीत?"

"बोलू नकोस म्हणाल्या ना! मोठी माणसं. मी गेले."

खरं तर इथे दुसऱ्या कुणीही फोन ठेवला असता. पण शंकासुरच तो. त्याने विचारलं, "पण तुम्ही तिथे आला होतात कशाला?"

मशीन थांबलं.

"त्या बाईंनाच भेटायला. मी त्यांच्या कॉलेजची नव्हते. पण ऐकलं होतं, मुलींना शिकू द्या असं त्या वडिलांना समजावतात म्हणून. माझे वडील मला घरी न्यायला आले होते, कायमचं. त्या एकदा बोलल्या असत्या तर..." ती हसली. "जाऊ द्या. झालं ते झालं. संध्याकाळच्या गाडीने गेले मी. तुम्ही पहिलेच विचारणारे."

दोन दिवस शंकासुराला अन्न गोड लागलं नाही. नव्वदीला टेकलेल्या म्हातारीच्या हातातलं एवढं एकच सुख हिसकावून घ्यायचं? खोटं सांगणं किती सोपं होतं! पोरगी शिकली, मोठी झाली, आनंदात आहे, संपलं. बायको म्हणाली, "बाईंनी तुम्हाला विचारलंय ते खरं कळावं म्हणून, की बरं वाटावं म्हणून?" तो उठून थोरल्या बाईंकडे गेला आणि त्याने सगळं सांगितलं.

डोळे पुसायचंही बाईंना सुचलं नाही.

"फोन लाव," अखेर त्या म्हणाल्या.

"बाई, काय सांगणार तुम्ही तिला?"

"सांगायला काय उरलंय? लाव तू."

पलीकडून आवाज आल्यावर थोरल्या बाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. "मी रेक्टर बोलतेय," त्या म्हणाल्या. "बोल बाळ. काय काम होतं माझ्याकडे?"