चारशे एकोणतीस हात

उर्मिला सरपोतदार शारजातल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात नकाशे काढायची. १९९८ च्या उन्हाळ्यात तिथल्याच शौकी नावाच्या इजिप्शियन इंजिनियरवर तिने कागद कापायचा कटर चालवला. ती हे कुणापासून लपवत नाही.

शौकी पन्नाशीचा, कैरोचा, एकटा राहणारा. तिच्या मुलीला, मिहिकाला, शाळेत ताप चढला तेव्हा त्यानेच उर्मिलाला स्वतःच्या गाडीने दुबईत करामाला सोडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो तिला इजिप्तच्या जुन्या राजांच्या थडग्यांत भिंतींवर लिहिलेल्या पाताळाबद्दल सांगायचा. सूर्य रात्रीचे बारा तास तिथून होडीने जातो. वाटेत शत्रूंची मुंडकी उडवलेली, मोठ्या सापाच्या अंगात सुऱ्या खुपसलेल्या, आणि शेवटी आगीचे खड्डे. डबा खाताना हे नको, असं ती म्हणायची.

त्याचा खरा जीव आकड्यांत होता. त्या लिखाणात पाताळाच्या एका प्रदेशाची लांबी नदीवरच्या जुन्या मापाने तीनशे नऊ दिली आहे आणि रुंदी एकशे वीस. बेरीज चारशे एकोणतीस. मोठ्या पिरॅमिडच्या पायाची बाजूही बरोबर तेवढेच हात भरते, म्हणजे बांधणाऱ्यांनी पाताळच दगडात मांडलं, असं तो म्हणे. ते लिखाण तर पिरॅमिडनंतर हजार वर्षांनी सापडतं, मग हे कसं, असं उर्मिलाने विचारलं होतं. ज्ञान आधीचं, लिहिलं नंतर, एवढंच तो बोलला. नऊ वर्षं त्याने यात घातली होती. ऑक्टोबरात कैरोत त्याचं व्याख्यान ठरलं होतं आणि त्यासाठीचे चाळीस नकाशे उर्मिला काढत होती.

शेवटचा नकाशा काढताना तिला काहीतरी खटकलं. पायाच्या मापात त्याने एक हात साडेत्रेपन्न सेंटिमीटरहून जास्त धरला होता आणि उंचीच्या मापात बावन्नला थोडा वर. तिने तीनदा गणित केलं. एकच माप धरलं की पाया चारशे चाळीस हात निघत होता. अकरा हात जास्त.

गुरुवार होता, शुक्रवारच्या सुट्टीआधीचा अर्धा दिवस. ऑफिस रिकामं झालं होतं. तिला बाजी, म्हणजे ताई म्हणणारा ड्रायव्हर वली तेवढा खाली गाडी धूत होता. तिने कागद शौकीपुढे ठेवला आणि सरळ सांगितलं. व्याख्यानात कुणीतरी हे पकडेल, त्यापेक्षा आत्ताच बघा.

त्याने कागदावरचं गणित शेवटपर्यंत वाचलं. मग टेबलावरची लोखंडी पट्टी उचलून त्याने तिच्या उजव्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला. दुसरा फटका कानशिलावर बसला आणि ती टेबलावर आडवी झाली. त्याने तिचे केस धरून डोकं त्याच नकाशावर आपटलं, दोनदा. तिच्या डाव्या हाताला टेबलावरचा कटर सापडला. तिने तो मागे ओढत चालवला. शौकीचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला.

आवाज ऐकून वली धावत वर आला. त्याने शौकीला पाठीमागून धरलं आणि दोन्ही हात आवळून गुडघ्यांवर बसवलं. शौकी हलतही नव्हता. सगळं तिथे संपलं होतं.

उर्मिला पुढे गेली आणि तिने कटर त्याच्या खांद्यात रुतवला.

"बस करो, बाजी," वली म्हणाला. "मैंने पकड़ा हुआ है."

पोलीस ठाण्यात तिचा नवरा सुरेश तिच्या कानाशी लागला. दुसरा वार सांगू नकोस, वली काही बोलणार नाही. तिने सांगितला. लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितला.

पलीकडच्या बाकावर शौकी बसला होता, अर्धं तोंड पट्टीत. त्याने एकच विचारलं.

"हिशोब नीट तपासला होतात?"

"तीनदा."

तो रडायला लागला. गालाच्या टाक्यांमुळे त्याला रडताही येईना, नुसता घशातून आवाज निघत राहिला. उर्मिलाला त्याची दया आली नाही. रागही उरला नव्हता.

दोघांनीही तक्रार मागे घेतली. ऑफिसने दोघांनाही काढलं. शौकी महिन्याभरात कैरोला गेला. व्याख्यान झालं की नाही, तिने कधी चौकशी केली नाही. मनगट वाकडंच जुळलं. पुढच्या वर्षी तिला दुबईत कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं काम मिळालं आणि माउस ती डाव्या हाताने धरायला शिकली.

मिहिका बारा वर्षांची झाली तेव्हा तिने हे सगळं आईकडून ऐकलं.

"बट ही स्टार्टेड इट, आई."

"हो," उर्मिला म्हणाली. "पण वलीने त्याला धरलं होतं, आणि ते मला दिसत होतं."