फाटलेली कोपरं

त्या घरातले सगळे मोठे निर्णय सकाळी दहाच्या आत व्हायचे, कारण आई दहापर्यंत बोलत नसे.

भिंगरी तान्ही असताना तापानं फणफणली होती. तेव्हा आईनं देवाला शब्द दिला होता की पोर बरी होऊ दे, रोज सकाळी दहापर्यंत तुझ्याशिवाय कुणाशी बोलणार नाही. पोर बरी झाली. चालायच्या आधी पळू लागली, म्हणून तिला भिंगरी म्हणू लागले. आईनं दिलेला शब्द एकदाही मोडला नव्हता.

बाबांना हे व्रत फार मानवलं. बैठकीच्या खोलीला कोणता रंग लावायचा, जुनी गाडी विकायची की ठेवायची, हे सगळं ते चहाचा कप हातात घेऊन सकाळीच मांडायचे, स्वतःच उत्तर द्यायचे आणि कामावर निघायचे. संध्याकाळी आईनं तोंड उघडलं की म्हणायचे, "सकाळी विचारलं होतं की तुला! नाही म्हणाली नाहीस."

फुटबॉलचंही तेच चाललं होतं.

भिंगरी रविवारच्या खेळाला जायची. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या ताई तो चालवायच्या. कुणीही यावं, सगळ्यांनी खेळावं, प्रत्येकानं प्रत्येक जागी आळीपाळीनं उभं राहावं, एवढेच तिथले नियम. गोल किती झाले ते ताईंनाही आठवत नसे. तिथे एकदा मोठ्या क्लबचे कोच येऊन बघून गेले आणि बाबांना म्हणाले, "पाय आहेत हो तुमच्या मुलीकडे."

झालं. बाबा हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरेनात. टायरच्या दुकानात चाकांचा तोल काढता काढता गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आमच्या मुलीकडे पाय आहेत."

"सगळ्यांच्याच मुलींना असतात," आई शुक्रवारी संध्याकाळी म्हणाली. तिच्या हातात भिंगरीचा खेळायचा शर्ट होता. दोन्ही बाह्या कोपरावर फाटल्या होत्या, पुन्हा. दिवसभर दुकानात लोकांचे कपडे लहानमोठे करून द्यायचे आणि घरी येऊन या पोरीची ठिगळं लावायची. "आणि ही कोपरं कशानं फाटतात गं? शाळेच्या बाकावर घासतेस काय दिवसभर?"

भिंगरी खाली बसून आईची पिशवी उपसत होती. लोकांनी नको म्हणून काढायला लावलेले कोटांच्या खांद्यांचे पॅड आई त्या पिशवीत साठवून ठेवायची. भिंगरीनं त्यातले दोन कोपरांवर दाबून पाहिले आणि गुपचूप परत ठेवले.

"ते जागेवर ठेव," आई म्हणाली आणि बाबांकडे वळली. "क्लबमध्ये गेली की आठवड्यातल्या चार संध्याकाळी सराव, रविवारी कुठल्या कुठल्या गावी सामने. देवापुढे बसायला हिला वेळ कधी मिळायचा? आणि वय काय तिचं! खेळू द्या की जरा मजेनं."

"मजेनं खेळून कोण मोठं झालंय?"

"मोठी व्हायची घाई तिला आहे की तुम्हाला?"

"उद्या सकाळी बोलू," बाबा म्हणाले. आईच्या हातातली सुई बोटात घुसली.

क्लबची चाचणी शनिवारी सकाळी होती. आई सोबत गेली. मैदानाला जाळीचं कुंपण होतं, गवत एकसारखं कापलेलं होतं आणि रेषा पांढऱ्याशुभ्र होत्या. ती कुंपणाला हात धरून उभी राहिली, ओठ घट्ट मिटून.

बाबांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. वेळेचा प्रश्न नाही, प्रवासाचा प्रश्न नाही, पोरीची तर तयारीच आहे! कोच ऐकत होते. मध्येच त्यांनी आईकडे पाहिलं. "यांचं काय म्हणणं आहे?"

"तिची काही हरकत नाही," बाबा म्हणाले. "असती तर बोलली नसती का?"

आईच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मनात त्या नावाच्या मागोमाग असं काही आलं की तिला लगेच देवाची माफी मागावी लागली.

मैदानात कोच ओरडत होते, "पुढे! पळ, पुढे पळ!" भिंगरी पळत होती. चांगली पळत होती, पण सांगितलेलं काम उरकावं तशी. चेंडू पुढे मारला की ती वळून मागे बघायची, स्वतःच्या संघाच्या गोलकडे. आईला वाटलं, दमली असेल पोर.

मग त्या गोलमधली उंच मुलगी बुटाची नाडी बांधायला वाकली आणि नेमका तेव्हाच समोरच्या संघातल्या कुणीतरी लांबून चेंडू मारला. भिंगरी मैदानाच्या मध्यावरून सुसाट मागे धावत आली आणि तिनं आडवी झेप घेतली. चेंडू दोन्ही हातांत पकडून ती दोन्ही कोपरांवर आपटली, घसरत गेली आणि उठली तेव्हा तिचं तोंड आईनं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं इतकं फुललेलं होतं.

"अगं, तुझी जागा ती नाही!" कोच ओरडले.

आईची नजर भिंगरीच्या बाह्यांवर गेली. काल रात्री घातलेला टाका उसवला होता. किती वेळा तिनं तीच कोपरं शिवली होती! कशानं फाटतात म्हणून विचारलं होतं, तेही रागावून, आणि उत्तराची वाट न बघता पुढचा दोरा ओवला होता. पळणाऱ्या पोरीचे गुडघे फाटतात, कोपरं नाही. हे तिच्यासारख्या शिवणारणीला कुणी सांगायला हवं होतं?

दहा वाजायला अजून बराच वेळ होता. आईनं कुंपणाची जाळी घट्ट धरली.

"भिंगरे," ती म्हणाली. बाबा असे दचकले जणू खांबच बोलला. "तुला गोलमध्ये उभं राहायचंय का गं?"

भिंगरी आधी घाबरली. "आई, तू बोललीस."

"देवाचं मी बघते. तू सांग."

"हो," भिंगरी म्हणाली. "पण ताईंकडे सगळ्यांचा नंबर लागतो, म्हणून मला थोडाच वेळ मिळतो. आणि इथे सर म्हणतात, पळ."

कोच हसले. "गोलकीपर आहेत आमच्याकडे, चांगल्या उंच. हिला तिथे उभं करून काय करायचं? पुढे खेळायचं असेल तर जागा आहे."

"पाय वाया जातील ना, बाळा!" बाबा कळवळून म्हणाले.

"मग मी ताईंकडेच जाते," भिंगरी म्हणाली. "तिथे थोडा वेळ तरी मिळतो."

कोचनी खांदे उडवले आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

आईच्या मनासारखं झालं होतं, तरी घरी येताना तिला चैन पडेना. क्लबचा राग होता, बाबांचा होता, ज्यांच्याकडे सगळ्यांना सारखा वेळ मिळतो त्या भल्या ताईंचासुद्धा होता. पोरीला हवं ते पूर्ण कुठेच नव्हतं. आणि सगळ्यात जास्त राग सुईचा आला. ती चालवणाऱ्या हाताचा म्हणावा, तर हात स्वतःचाच होता.

त्या दुपारी तिनं पिशवीतले दोन पॅड काढून शर्टाच्या बाह्यांत आतून शिवले. दुहेरी टाका घातला. भिंगरीनं शर्ट चढवून जमिनीवर धाडकन कोपरं आपटून पाहिली. "आई, लागतच नाही!"

व्रत मोडलं म्हणून आईनं देवाला रविवारी दुपारी बारापर्यंतचं मौन कबूल केलं. बाबांना ते कळलं नव्हतं असं नाही. रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते आईसमोर येऊन बसले, घसा खाकरला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "मी काय म्हणतो, पुढच्या वर्षी त्यांना परत एकदा विचारून बघू. पाय तर आहेतच. हो ना?"

आईनं स्वतःचा कप बशीवर आदळला. चहा टेबलभर झाला.

"आई नाही म्हणतेय," भिंगरी बूट चढवता चढवता म्हणाली.

"ती कुठे काय बोलली?"

"बाबा," भिंगरी दार उघडत म्हणाली, "कप ऐकला नाही का तुम्ही?"